विद्यार्थी सेवा कार्यालयाची पुनर्रचना सर्वांना बरोबर घेऊन करायची, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: नोंदणी_कक्ष

आमच्या विद्यापीठात प्रवेशाची नोंद, फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, परीक्षा अर्ज आणि समुपदेशन ही कामे आजवर वेगवेगळ्या ठिकाणांहून चालत आली आहेत. ती आता एका छताखाली आणण्याचे ठरले असून, त्यासाठी नेमलेल्या समितीचे सचिवपद माझ्याकडे आहे. वास्तुविशारदाने केलेले रेखाटन देखणे आहे. काचेच्या खिडक्यांच्या जागी मोकळे काउंटर, प्रवेशद्वाराशी टोकनचे यंत्र, भिंतीवर क्रमांक दाखवणारा पडदा आणि बसण्यासाठी ऐसपैस जागा, अशी त्याची मांडणी आहे. ही पुनर्रचना ‘सहभागी पद्धतीने’ व्हावी, अशी प्रशासनाची सूचना आहे. मात्र त्यासाठी आतापर्यंत एक दिवसाची कार्यशाळा आणि एक ऑनलाइन प्रश्नावली एवढीच तरतूद झालेली आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिली अशी की, विद्यार्थ्यांना विचारले तर ते जास्त खिडक्या आणि जास्त वेळ मागतील, आणि त्यांच्या खऱ्या अडचणीपर्यंत आम्ही पोहोचणारच नाही. दुसरी अशी की, काउंटरवरचे कर्मचारी आपल्या विभागप्रमुखांसमोर काही बोलत नाहीत. शिवाय ‘एकत्रीकरण’ म्हणजे पदे कमी होणार, असे त्यांच्यापैकी अनेकांनी मनाशी धरून ठेवले आहे. तिसरी शंका अधिक अवघड आहे. रेखाटन जवळजवळ अंतिम झालेले असताना लोकांना बोलावून मत विचारणे, हे केवळ नावापुरते ठरणार नाही का?

ज्यांनी अशा प्रकारचे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कोणाला, कधी आणि कोणत्या प्रश्नावर सहभागी करून घ्यावे याबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर: प्रवाहरेषा

कार्यशाळेची तारीख ठरवण्याआधी, आज काउंटरवर नेमके काय मागितले जाते याची नोंद करून घ्यावी, असे मी सुचवेन. विद्यार्थी ज्या शब्दांत विचारतो त्याच शब्दांत वाक्य लिहून घ्यायचे. ‘शिष्यवृत्तीविषयक चौकशी’ असा कार्यालयीन मथळा देऊन ते गुंडाळायचे नाही. ही नोंद बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेण्याऐवजी एक कर्मचारी आणि एक विद्यार्थी अशा जोडीने करावी. सहभागाची सुरुवात इथूनच होते, कारण दोघांनाही तीच रांग पहिल्यांदाच एका बाजूने पाहायला मिळते.

या नोंदी दोन ढिगांत लावा. एका ढिगात अशी कामे, ज्यांसाठी कार्यालय मुळात अस्तित्वात आहे: नवीन अर्ज, विषयबदल, बोनाफाईड, वसतिगृहातील खोली, समुपदेशकाची वेळ. दुसऱ्या ढिगात अशा चौकशा, ज्या आधीचे काम न झाल्यामुळे किंवा अर्धवट झाल्यामुळे उद्भवल्या: ‘माझ्या अर्जाचे पुढे काय झाले?’, ‘फी भरली तरी थकबाकी का दिसते?’, ‘त्रुटी आहे असा संदेश आला, पण कोणती ते लिहिलेले नाही’, ‘हा कागद इकडे द्यायचा की तिकडे?’ जॉन सेडन यांनी सार्वजनिक सेवांच्या संदर्भात या दुसऱ्या प्रकाराला अपयशातून जन्मलेली मागणी म्हटले आहे. तिच्यासाठी नवे काउंटर उभारणे म्हणजे चुकीला बसायला चांगली खुर्ची देणे होय. तुमचा दुसरा ढीग मोठा निघाला, तर वास्तुविशारदाने गृहीत धरलेली काउंटरची संख्या आणि प्रतीक्षाकक्षाचा आकार दोन्ही पुन्हा तपासावे लागतील, आणि ते करारावर सही होण्याआधी कळलेले बरे.

त्यानंतर सेवेचा आराखडा काढा. लिन शोस्टॅक यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सेवेचे टप्पे, त्यांना लागणारा वेळ आणि चूक होण्याच्या जागा कागदावर मांडण्याची जी पद्धत पुढे आणली, तिचा गाभा एका रेषेत आहे. ही दृश्यतेची रेषा होय. तिच्या वर ग्राहकाला दिसणारे सर्व काही येते आणि तिच्या खाली पडद्यामागचे काम येते. शैक्षणिक कार्यालयात या रेषेच्या वर विद्यार्थ्याची दहा मिनिटे असतात, तर खाली त्याच्या अर्जाचे कित्येक दिवस असतात. एकच शिष्यवृत्ती अर्ज घ्या आणि तो आवक नोंदवहीपासून अंतिम मंजुरीपर्यंत कोणाच्या टेबलावर किती काळ थांबतो, हे ज्या व्यक्ती तो हाताळतात त्यांच्याकडूनच भिंतीवर मांडून घ्या. अशा मांडणीत बहुधा असे दिसते की, प्रत्यक्ष काम अगदी थोड्या वेळाचे असते आणि उरलेला सर्व काळ अर्ज कोणाची तरी वाट पाहत पडून असतो.

येथे जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम उपयोगी पडतो. प्रलंबित कामांची सरासरी संख्या म्हणजे दररोज येणारी कामे गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. दररोज ४० अर्ज येत असतील आणि कोणत्याही दिवशी ६०० अर्ज प्रलंबित दिसत असतील, तर एका अर्जाला सरासरी १५ दिवस लागतात, हे कोणालाही न विचारता सांगता येते. ते ६०० अर्ज जर एकाच अधिकाऱ्याच्या सहीसाठी थांबलेले असतील, तर दर्शनी भागात आणखी चार काउंटर केल्याने त्या १५ दिवसांतला एकही दिवस कमी होणार नाही.

तुमची पहिली शंका याच ठिकाणी सुटते. विद्यार्थ्यांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की ते खिडक्याच मागतात, कारण त्यांना खिडकीच दिसते. त्यांना पूर्ण आराखडा दाखवून ‘यातला कोणता टप्पा नसता तर तुमचा हेलपाटा वाचला असता?’ असे विचारले, तर उत्तरे निराळी येतात.

उत्तर: जुना_लिपिक

वरील उत्तर पटण्यासारखे आहे. फक्त त्यात सत्तेचा प्रश्न राहून गेला आहे, आणि तुमची दुसरी व तिसरी शंका नेमकी त्याच प्रश्नाची आहे.

सहभागी रचनेची परंपरा जेथून आली, तेथे ती स्वागतकक्ष सुबक करण्यासाठी जन्मलेली नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत क्रिस्टन निगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते संगणक कामाच्या जागी येत असताना कामगारांना त्याबद्दल बोलण्याइतके ज्ञान आणि अधिकार मिळावेत म्हणून. पुढे १९८० च्या दशकात स्वीडन आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी छपाई कामगारांच्या संघटनेबरोबर ‘युटोपिया’ हा प्रकल्प केला. त्यात अजून हाती नसलेल्या यंत्रांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून कामगारांनी त्यांच्यावर आपले काम ‘करून’ पाहिले आणि त्यातून आपल्या मागण्या ठरवल्या. मुद्दा असा की, ज्याचे काम बदलणार आहे त्याला नकार देण्याची किंवा अट घालण्याची काही तरी ताकद होती. ती काढून घेतली की उरतात त्या कार्यशाळेत भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या.

शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. मधल्या तिन्ही पायऱ्यांवर लोकांना माहिती मिळते, मत विचारले जाते, समजूतही घातली जाते, पण निर्णय दुसरीकडेच राहतो. भागीदारी या तिन्ही पायऱ्यांच्या वरच सुरू होते. एक दिवसाची कार्यशाळा आणि एक प्रश्नावली कोणत्या पायरीवर बसते, हे मी सांगायला नको.

म्हणून माझी सूचना अशी की, पहिल्या बैठकीच्या आधी समितीने एक पानभर लेखी टिपण काढावे. त्यात कोणते निर्णय झालेले आहेत, कोणते खुले आहेत आणि कोणत्या बाबतीत गटाचा शब्द अंतिम राहील, हे स्पष्ट असावे. इमारतीचा पाया आणि खांब ठरलेले असतील तर तसे सांगा. लोकांना ते समजते. खुले म्हणून सांगितलेले नंतर बंद निघाले, तर मात्र पुढच्या बैठकीला कोणी फिरकत नाही. पदे कमी होणार नाहीत असे आश्वासन देणे प्रशासनाला शक्य असेल, तर तेही याच टिपणात असू द्या. शक्य नसेल, तर तुम्ही स्वतः ते तोंडी देऊ नका.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांची बैठक वरिष्ठांशिवाय घ्यावी. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये असे दाखवले की, नागरिकांशी थेट संबंध येणारे कर्मचारी रोजच्या कामात जे निर्णय घेतात, तेच व्यवहारात धोरण बनते. तुमच्याकडेही हेच असणार: एका पानाची कमतरता असताना अर्ज ठेवून घ्यायचा की परत करायचा, कोणाला ‘उद्या या’ म्हणायचे आणि कोणासाठी आतल्या टेबलाला फोन लावायचा, हे नियमावलीत नसते. ही माहिती फक्त त्यांच्याकडे आहे, आणि त्यातील काही नियमाबाहेरची असल्यामुळे वरिष्ठांच्या देखत ती कधीही बाहेर येणार नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही एक काळजी घ्या. विद्यार्थी प्रतिनिधी सहज मिळतात, पण ते बहुधा कार्यालयाशी कसे बोलावे हे आधीच शिकलेले असतात. नोकरी करून शिकणारे, परदेशातून आलेले, अपंग विद्यार्थी आणि शिक्षण मध्येच सोडून गेलेले यांच्यापर्यंत तुम्हालाच जावे लागेल, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा लागेल.

नोंदणी_कक्ष (प्रश्नकर्ती)

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. लेखी टिपणाची कल्पना मी अध्यक्षांपुढे मांडली असून त्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. त्यांचा स्वतःचा आग्रह मात्र ‘एक खिडकी’ पद्धतीचा आहे: प्रत्येक काउंटरवर कोणतेही काम व्हावे आणि त्यासाठी सर्व कर्मचाऱ्यांना सर्व कामांचे प्रशिक्षण द्यावे. शिष्यवृत्ती विभागाचा याला ठाम विरोध आहे. त्यांचे नियम दरवर्षी बदलतात आणि ते नवख्या माणसाला झेपणारे नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. टोकन यंत्राबाबतही मतभेद आहेत. हा प्रश्न चर्चेतून सुटेल असे वाटत नाही.

उत्तर: रांगेतला

चर्चेतून तो सुटणार नाहीच. तो करून पाहावा लागेल. तत्पूर्वी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण ‘एक खिडकी’ म्हणताना त्या एकमेकींत मिसळतात.

एक आहे रांगेची रचना. पाच काउंटरांसमोर पाच रांगा लावण्याऐवजी एकच रांग लावली आणि मोकळ्या होणाऱ्या काउंटरवर पुढचा माणूस गेला, तर एखादे किचकट प्रकरण एकाच रांगेला अडकवून ठेवत नाही आणि नंतर आलेला आधी निघून गेल्याची चीडही येत नाही. टोकन यंत्र हेच काम करते आणि शिवाय माणसाला उभे राहण्यातून सोडवते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्राबद्दल मांडलेली निरीक्षणे इथे लागू पडतात: किती वेळ लागेल हे माहीत नसलेली, कारण न कळलेली आणि अन्यायकारक वाटणारी प्रतीक्षा अधिक लांब भासते. त्यामुळे पडद्यावर नुसता क्रमांक दाखवण्यापेक्षा अंदाजे वेळ दाखवावी, आणि ती थोडी जास्तच सांगावी.

दुसरी आहे कामाची विभागणी. पहिल्या काउंटरवरचा कर्मचारी जर फक्त ‘तुम्ही सात नंबरला जा’ एवढेच सांगू शकत असेल, तर तुम्ही सोय केलेली नाही, एक टप्पा वाढवला आहे. तेव्हा पहिल्या काउंटरला काय पूर्ण करण्याचा अधिकार आहे, हा निर्णायक प्रश्न आहे. नोंदींच्या पहिल्या ढिगातून जी कामे वारंवार येतात आणि ज्यांना कोणाचाही विवेकाधीन निर्णय लागत नाही, ती सर्व तिथेच संपली पाहिजेत: दाखला छापणे, पत्ता बदलणे, पावतीची जुळणी, अर्जाची स्थिती सांगणे. शिष्यवृत्तीचे गुंतागुंतीचे प्रकरण मात्र तज्ज्ञाकडेच जावे, आणि तेही पहिल्या कर्मचाऱ्याने माहिती पुढे पाठवल्यानंतर, म्हणजे विद्यार्थ्याला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागणार नाही. शिष्यवृत्ती विभागाचा विरोध मला आडमुठेपणाचा वाटत नाही. चुकीच्या सल्ल्याची किंमत तिथे विद्यार्थ्याला मोजावी लागते.

करून पाहण्यासाठी इमारत लागत नाही. एखाद्या रिकाम्या सभागृहात जमिनीवर चिकटपट्टीने काउंटर, भिंती आणि दारे पूर्ण मापात आखा, टेबलांवर पुठ्ठे उभे करा आणि नावे झाकलेली जुनी प्रकरणे घेऊन कर्मचाऱ्यांना व विद्यार्थ्यांना संपूर्ण व्यवहार करायला लावा. दोघांच्या भूमिका एकदा अदलाबदल करा. संगणक प्रणाली अजून तयार नसेल, तर पडद्यामागे बसलेल्या एका माणसाने प्रणालीची उत्तरे हाताने द्यावीत. अर्ध्या दिवसात कळते की, फी थकल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज सोफ्यावर बसलेल्या सर्वांना ऐकू येतो, किंवा छपाईयंत्र इतके दूर आहे की दर दाखल्यामागे कर्मचाऱ्याला उठावे लागते. मोकळ्या काउंटरांबद्दल माझी मुख्य हरकत हीच आहे: ते छायाचित्रात स्वागतशील दिसतात, पण पैशांबद्दल, आजाराबद्दल किंवा घरच्या परिस्थितीबद्दल बोलायला तिथे आडोसा नसतो. समुपदेशनाचा प्रवेश तर सर्वांच्या नजरेसमोर मुळीच नको, आणि त्याचे टोकनही वेगळ्या अक्षराने ओळखू येणारे नको.

यानंतर खऱ्या कार्यालयात दोन काउंटरवर हीच पद्धत आधी शांत काळात आणि मग गर्दीच्या काळात चालवून पाहा. सत्राची सुरुवात, परीक्षा अर्जांची अंतिम मुदत आणि निकालानंतरचे दिवस, यांत टिकते तीच रचना टिकली म्हणायची.

उत्तर: सुगम्यता_हवी

एका बाबतीत मी वेगळे मत नोंदवतो. प्रत्येक गोष्ट गटाच्या चर्चेने ठरवायची नसते. चाकाची खुर्ची वळण्यासाठी सुमारे १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा, बसून बोलता येईल अशा उंचीचा काउंटर आणि त्याखाली गुडघ्यांसाठी पोकळी, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप (बोलणे थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारी सोय), पडद्यावरील क्रमांकाबरोबर ध्वनिसूचना, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) वाचता येणारे अर्ज, या गोष्टींवर मतदान घेऊ नये. त्या आधीच गृहीत असाव्यात, आणि चर्चेसाठी फक्त त्या कशा करायच्या एवढेच उरावे. बैठकीत एकच अपंग विद्यार्थी असताना त्याच्यावर सर्वांच्या वतीने मागणी करण्याचा भार टाकणे अन्यायाचे आहे. गोपनीयतेच्या नियमांचेही तसेच: एका विभागाची माहिती दुसऱ्याला किती दिसावी, हे कार्यशाळेत उत्साहाच्या भरात ठरवू नका.

नोंदणी_कक्ष (प्रश्नकर्ती)

काउंटरवरील नोंदी सुरू झाल्या आहेत, आणि फर्निचरची निविदा त्या पूर्ण होईपर्यंत थांबवण्यास प्रशासनाने मान्यता दिली आहे. सुगम्यतेच्या बाबी चर्चेबाहेर ठेवून थेट रेखाटनात घेतल्या जातील. एकच प्रश्न शिल्लक आहे. नोंदींमधून पुढे येणारे बरेच अडथळे जागेचे नसून नियमांचे आहेत: एकाच कागदाची तीन ठिकाणी प्रत मागणे, दोन सह्यांची अट, वगैरे. समितीला नियम बदलण्याचा अधिकार नाही. अशा वेळी काय करावे, आणि बदल झाल्यावर तो उपयोगी ठरला हे कशावरून ओळखावे?

उत्तर: प्रवाहरेषा

अशा नियमांची एक स्वतंत्र यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: तो कोणत्या परिपत्रकामुळे आला, तो बदलण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे, आणि त्यामुळे दुसऱ्या ढिगातल्या किती नोंदी निर्माण झाल्या. यादी करताना असे आढळते की, काही ‘नियमां’ना लेखी आधारच नसतो, कोणे एके काळी कोणी तरी खबरदारी म्हणून सुरू केलेली ती प्रथा असते. ती विभागप्रमुखाच्या पातळीवरच बंद होऊ शकते. उरलेल्यांसाठी कुलसचिवांना किंवा वित्त अधिकाऱ्यांना केवळ अहवाल पाठवू नका. त्यांना आराखड्याच्या बैठकीला बोलवा आणि त्यांच्या सहीसाठी थांबलेल्या अर्जांचा आकडा तिथे भिंतीवर असू द्या. पुढच्या बैठकीत प्रत्येक नियमावर ‘रद्द’, ‘बदल’ किंवा ‘कायम, कारणासह’ यांपैकी एक शेरा त्यांच्याकडून घ्या. कारण लिहावे लागले की बऱ्याच अटी आपोआप गळतात.

मोजमापासाठी बाहेर पडताना हसरा-रडका चेहरा दाबायला लावणारे यंत्र नको. पहिल्याच भेटीत पूर्ण झालेल्या कामांचे प्रमाण, त्रुटीसाठी परत गेलेल्या अर्जांचे प्रमाण आणि अर्जापासून निर्णयापर्यंतचा काळ, ही तीन मोजमापे पुरेशी आहेत. काळ मोजताना सरासरीवर विसंबू नका; मध्यक पाहा आणि सर्वांत जास्त रखडलेल्या दहा टक्के अर्जांचे काय झाले ते वेगळे तपासा, कारण शिक्षण सोडण्याच्या काठावरचे विद्यार्थी त्यांच्यातच असण्याची शक्यता अधिक. पामेला हर्ड आणि डॉनल्ड मॉयनिहन यांनी २०१८ मध्ये प्रशासकीय ओझ्याचे तीन भाग मांडले: माहिती मिळवण्याचे कष्ट, अटी पूर्ण करण्याचे कष्ट आणि मनावर येणारा ताण. पहिले दोन तुमच्या नोंदींतून कळतील. तिसरा कळण्यासाठी ज्या विद्यार्थ्यांनी अर्ज अर्धवट सोडला, त्यांच्यापैकी काहींशी प्रत्यक्ष बोलावे लागेल.

आणि काउंटरवरच्या नोंदी इमारत पूर्ण झाल्यावर थांबवू नका. दर सत्रात एक आठवडा त्या पुन्हा घ्या, आणि तो आठवडा कार्यालयाच्या वार्षिक वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवा.